पत्र्यावरचा कार्बन

कारखानदार चुडामणनाना खासगी तपास करणाऱ्या कुंदाबाईंच्या जळगावच्या कचेरीत आले, तेव्हा १९९८ची दिवाळी तोंडावर होती. तेलाने चपचपीत केसांवरून हात फिरवून त्यांनी तो टेबलाच्या काचेवर टेकला.

"अक्का, घातपात झाला. माल पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर प्लास्टिकच्या पत्र्यांवरचा कार्बन सालपटासारखा निघाला. माझा रसायनतज्ज्ञ झुलाल फितूर आहे. त्याला हाकललं, आता पुरावा द्या."

केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या प्लास्टिकवर पक्क्या बसवण्याची कृती झुलालने शोधली होती. महिनाभराच्या चाचण्यांत तो थर सुरीनेही सुटत नव्हता.

कुंदाबाई पोचल्या तेव्हा कारखान्याच्या दारातून हरभऱ्याच्या बियाण्याची पोती नानांच्या शेताकडे निघाली होती. नानांनी प्रत्येक पोत्यावर तळहात ठेवला.

"हरभऱ्यालाही आशीर्वाद!" कुंदाबाईंचा मदतनीस रतिलाल पुटपुटला.

आत सातही पत्रे मधोमध, वीतभर जागेतच उघडे पडले होते.

"मुद्दामच केलंय, अक्का."

"मुद्दाम करणारा कडा कशाला राखील, रतिलाल?"

पाहुण्यांसाठी पत्रे तयार केले, त्या दिवसाबद्दल कामगार कमलबाई म्हणाली, "बाई, मी बठ्ठा सात पत्रा जाळवर फिरायात. पानी टाकीसन दखं, नीट पसरनं. मंग आम्ही नारळ फोडाले गऊत. नाना तठेच थांबनात."

धुळ्यात, आपल्या घरी, झुलालने एवढेच सांगितले, "जाळ लागला की प्लास्टिकवर पाणी पसरतं. जिथं पसरतं, तिथंच कार्बन धरतो. पूजेनंतर मी नेहमीसारखाच थर दिला."

दुसऱ्या दिवशी कुंदाबाईंनी कारखान्यात सर्वांना बोलावले. नुकताच जाळावरून काढलेला पत्रा पुढे ठेवला.

"नाना, त्या दिवशी केलंत तेच करा."

नानांनी केसांवरून हात फिरवला आणि तळहात पत्र्यावर ठेवला. कुंदाबाईंनी पाणी ओतले. ते सर्वत्र पसरले. मधोमध मात्र थेंब थेंब होऊन आखडले.

"माझ्या टेबलाच्या काचेवरही हाच तेलकट पंजा आहे. कमलबाईंनी पाणी टाकलं तेव्हा पत्रे चांगले होते. नंतर त्यांच्याजवळ तुम्ही एकटेच होतात. बियाण्याला देता तोच आशीर्वाद तुम्ही पत्र्यांना दिलात."

"मी तर यश यावं म्हणून..." नानांनी तळहात उलटा करून पाहिला.

"म्हणूनच तुम्हाला स्वतःचा संशय आला नाही."

नाना त्याच दिवशी धुळ्याला गेले. कुंदाबाई सोबत होत्या.

"चल पोरा, कारखाना तुझा आहे."

"हाकलताना सगळ्यांसमोर तुम्ही माझी पिशवी उलटी केलीत, नाना. आईनं बांधून दिलेली भाकर पायाखाली गेली." झुलालने कागद ओढला. "कृती लिहून देतो. मी येणार नाही."

तो बराच वेळ लिहीत राहिला. नाना उंबऱ्याशी उभे होते. त्यांना 'बसा' असे कोणी म्हटले नाही.