मंगळवार-शुक्रवारचे आठ गुण

"ओढू नका हो… वर उचला!"

खिडकीपलीकडून आवाज आला आणि ती दचकलीच. कारण या खोलीत बोलायचंच नव्हतं. खाणाऱ्याने नाही, वाढणाऱ्यानेही नाही. पण ती एवढीशी खिडकी मध्येच अडकून बसली होती. ही आपल्याकडे ओढत होती, पलीकडचा आपल्याकडे. शेवटी दोघांनी मिळून वर उचलली, खाडकन उघडली, आणि ट्रे घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, अंगठ्याखालचा भाजल्याचा डागही दिसला.

"सॉरी…" पलीकडून कुजबुज आली.

ती फिस्सकन हसली. हसायचंही नव्हतं म्हणा!

आता हा काय प्रकार, ते सांगायला हवं. एक मोठी अमेरिकन कंपनी शहरात दुकानं काढणार होती. बर्गर, फ्राइज वगैरे. उभ्या जगात त्यांचा कागद तोच, कागदावरचा टोपीवाला हसरा बैल तोच, जाहिरातीतलं गाणंही तेच. दुकान उघडायचं होतं अजून, पण तिच्या दादाच्या तीन वर्षांच्या मुलीला बैलाचं गाणं तोंडपाठ! कंपनीला जाणून घ्यायचं होतं की लोकांना बटाटा आवडतो की बैल. म्हणून या प्रयोगशाळेत बारा माणसं बारा केबिनमध्ये बसायची. रंग कळू नये म्हणून लाल दिवा. खिडकीतून फ्राइज यायचे, कधी साध्या कागदात, कधी बैलाच्या. खायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि दहापैकी गुण लिहायचे.

बाकीचे अकरा जण बैल दिसला की दोन गुण जास्त देत. ही मात्र नाही. साध्या कागदात पाच, तर बैलाच्या कागदातही पाचच. घरी तिला सगळे चोखंदळबाई म्हणायचे ते काय उगाच? "मी नाही बाई जाहिरातीला भुलत," असं ती नाक उडवून सांगायची. प्रयोगशाळेच्या मॅडमही तिच्यावर खूश होत्या. मुख्य चवपारखीची कायमची जागा भरायची होती, आणि ती जवळपास हिचीच होती. शाळेपासून कशातच पहिला नंबर न आलेल्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही. त्या जागेसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये एक हात पुढे आला. अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग. अगं बाई… हा तर खिडकीतला हात!

"तिसरा मजला, प्रयोगशाळा ना?" हाताच्या मालकाने विचारलं. उंच, जरासा वाकून उभा राहणारा, आणि डोळ्यांत चक्क मिश्कीलपणा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ओढायची सवय दिसली. खालचं दार पण ढकलायचं सोडून ओढत होतात."

"आणि तुम्ही बोलता फार. नियम माहीत नाहीत वाटतं?"

"लिफ्टमध्ये कुठे नियम आहे?" तो म्हणाला. "मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीवर माझी पाळी असते. म्हणजे… तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो."

"मी कशाला विचारू?" ती फणकारली. पण गालांना काय झालं होतं कोण जाणे, तिसरा मजला येईपर्यंत नुसते तापले होते.

आणि मग घोटाळा सुरू झाला. मंगळवारी तिने घास घेतला, कुर्रकन वाजलं, आणि हाताने आपोआप आठ लिहिले. बुधवारी तेच फ्राइज, पाच. शुक्रवारी पुन्हा आठ! साध्या कागदात आठ, बैलाच्या कागदात आठ. पुढच्या आठवड्यात तीच गत. जीभ बिघडली की काय? घरी चहात साखर घालायची विसरली, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, लक्ष कुठंय?" कुठे असणार… तिला स्वतःलाच कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी तिला बोलावून तिची गुणपत्रिका समोर सरकवली.

"बैलाने तुला भुलवलं नाही, मान्य," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पण मंगळवार-शुक्रवार काय आहे हे? खिडकीपलीकडे त्या दिवशी कोण असतं, सांगू का मी?"

तिचे कान लाल झाले.

"अगं, पाचाचे सात व्हावेत म्हणून ती कंपनी जगभर जाहिराती करते. आणि इथे एक पोरगा नुसता ट्रे सरकवून आठ करतोय! मला हसू येतं, पण चवपारखी म्हणून मी तुला ठेवू कशी? या शुक्रवारी शेवटची संधी. खिडकीवर तोच असेल, मुद्दाम ठेवणार आहे मी. पाच आले तर जागा तुझी."

ती घरी आली ती पार गोंधळून. म्हणजे मीही भुललेच की! बाकीचे बैलाला, मी हाताला. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? आणि हे प्रेम म्हणायचं, की मीही जाहिरात बघून रांगेत उभी राहिलेली? रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

शुक्रवारी तिने मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, पाच लिहायचे. खिडकी उघडली. हात दिसला. ट्रे आला. तिने डोळे मिटून घास घेतला…

आठ. स्पष्ट आठ.

पेन्सिल कितीतरी वेळ कागदावर थांबली. पाच लिहिले की जागा मिळत होती. कुणाला कळणारही नव्हतं. पण जिभेला जे कळलं ते खोटं कसं लिहायचं? डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने आठच लिहिले आणि बाहेर येऊन कागद मॅडमच्या हातात दिला. "आठच? मग जागा गेली बाई," मॅडम मान हलवत म्हणाल्या.

"मॅडम, एक मिनिट." तो एप्रन हातात घेऊन मागे उभा होता. चेहरा पांढराफटक. "जीभ त्यांची नाही चुकली. माझंच चुकलंय."

"म्हणजे?"

"नियम आहे ना, चमच्याने जसे येतील तसे भरायचे? बाकी अकरा जणांना मी तसेच भरतो. त्यांच्यासाठी मात्र चिमट्याने… एकेक निवडून. लांब, सारखे तळलेले, एकही मऊ नाही. त्यामुळे त्यांचे फ्राइज खरंच आठ गुणांचे असतात."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "तीन आठवडे वाया घालवलेस माझे! पण का रे बाबा?"

"पहिल्या दिवशी त्या हसल्या…" तो खाली बघून म्हणाला. "मग वाटलं, यांना चांगलंच द्यावं."

त्याचं काम तिथल्या तिथे गेलं. तिची जागा तिथल्या तिथे पक्की झाली. खाली जाताना लिफ्टमध्ये दोघंच होते.

"गप्प बसला असतात तर काम राहिलं असतं तुमचं," ती म्हणाली.

"आणि तुमची जीभ खोटी ठरली असती. नाही सहन झालं मला."

"आणि मला काय वाटत होतं माहितेय? मला वाटत होतं की मी तुमच्या…" ती थांबली. "जाऊ दे. बटाटा चांगला होता म्हणायचं. एवढंच!"

"एवढंच?"

"तेच तर कळत नाहीये! आधी वाटलं तुमच्यामुळे. आता वाटतंय बटाट्यामुळे. डोकं फिरायची वेळ आलीय माझ्यावर."

"मग काय करायचं?"

"रविवारी भेटायचं," ती हट्टाने म्हणाली. "पण खायचं नाही, प्यायचं नाही, काही आणायचं नाही. नुसते तुम्ही."

"नुसता मी? बापरे… कठीण आहे."

रविवारी बागेतल्या बाकावर दोघं बसले, तर रस्त्यापलीकडे नेमकं बैलाचं दुकान उघडलेलं! गाणं लागलेलं, रांग पार कोपऱ्यापर्यंत, आणि तळणीचा वास थेट बाकापर्यंत. तो आईबद्दल बोलला, नवं काम शोधतोय म्हणाला, एक विनोद सांगितला तो साफ पडला. ती बोलली, भांडली. दोन तास गेले. त्याच्या पोटात जोरात गुरगुरलं आणि त्याने शरमेने खोकून घेतलं.

"झाली ना परीक्षा?" तो हळूच म्हणाला. "किती गुण?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. वारा सुटला होता, त्याचे केस कपाळावर आले होते. तिने मनातल्या मनात मोजायचा प्रयत्न केला. पाच… सात… छे! आयुष्यात पहिल्यांदाच तिला आकडा सुचत नव्हता.

"मला नाही देता येत," ती म्हणाली. "तुझा विनोद वाईट होता. तू वाकून चालतोस. मला का आवडतोस, काही म्हणजे काही सांगता येत नाहीये. पण आवडतोस. खूप."

त्याने हात पुढे केला, आणि तिने तो घट्ट धरला.