नाव आहे, आत काही नाही

थोरल्याचा हिशेब साधा होता. धाकटा तोंडावर आपटला तर विभागप्रमुखाची खुर्ची आपली. नाही आपटला तर सख्ख्या धाकट्या भावाला रोज ‘सर’ म्हणायचं.

दोघंही आमच्याच ऑफिसात, खिडकीपाशी समोरासमोर बसायचे. मधे मी, प्रोग्राम तपासणारी. दोघांच्या कपाळावरच्या आठ्या मला फुकटात दिसायच्या.

आमचा प्रोग्राम इस्पितळांना रिकाम्या खाटा शोधून देतो. सुरू होताना तो एका फाइलमधून सेटिंग वाचतो: माहिती कुठून आणायची, निरोप कुठे पाठवायचा. एखादी राहिली, की पूर्वी पडद्यावर नुसतं ‘चूक झाली’ एवढंच यायचं. मग सगळी वरात थोरल्याकडे. तो चष्मा पुसायचा, उसासा टाकायचा, मग राहिलेली सेटिंग सांगायचा. नवरदेवानंही इतका भाव खाल्ला नसता.

धाकट्यानं ते संदेश नव्यानं लिहिले. कोणती सेटिंग राहिली, कुठल्या फाइलमध्ये भरायची, नमुना काय, सगळं पडद्यावरच. थोरल्याकडची वर्दळ आटली.

“काय दादा, हल्ली निवांत?” मी चिमटा काढला.

“जगाला शहाणं करायला निघालाय,” तो म्हणाला. “साहेबांसमोर दाखवू दे, मग बघ.”

दाखवायच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, थोरला धाकट्याच्या मशीनवरून उठून माझ्याकडे आला. चेहरा खुलला होता.

“एका सेटिंगचं नाव तसंच ठेवलंय, पुढचा मजकूर पुसलाय. धाकट्याचा प्रोग्राम फक्त नाव आहे का ते तपासतो, आत काही आहे का ते नाही. संदेश येणारच नाही. प्रोग्राम मात्र आडवा पडेल.”

“भाऊ आहे तुझा.”

“म्हणून तर.”

साहेब आले. धाकट्यानं प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर संदेश उमटला:

‘माहितीचा पत्ता: नाव आहे, आत काही नाही.’

“वा! हेही पकडतो?” साहेब खूश.

धाकट्याचा चेहरा उतरला. “साहेब, हे... हे मी लिहिलेलं नाही.”

अख्खा प्रोग्राम धुंडाळला. ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

धाकट्यानं पत्ता भरला, पुन्हा सुरू केलं. पंख्याची घरघर वाढली, मग थांबली.

‘दादा: नाव आहे, आत काही नाही.’

थोरला चष्मा पुसत होता. पुसतच राहिला.

“दादा?” धाकट्यानं हाक मारली.

त्यानं मान वर केली. डोळ्यांत ना राग, ना भीती.

“दादा कोण?” त्यानं अदबीनं विचारलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. साहेबांच्या मिनतवाऱ्या करून धाकट्यानं विभागप्रमुखाची खुर्ची थोरल्यालाच मिळवून दिली. तो तिच्यात बसतो. सांगितलं तिथे सही करतो.

तर खुर्ची थोरल्याची झाली, आणि तिची किंमत मोजतोय धाकटा. रोज सकाळी ऑफिसच्या आवारात गाडी थांबवून तो शेजारी बसलेल्या थोरल्याला एकेक सांगतो. काल काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

“घरी आहे ती आई. तुला साखर चालत नाही. मी तुझा धाकटा.” त्यानं थोरल्याचा पट्टा सोडवला. “आणि तुला माझा हेवा वाटतो, दादा.”

“बरं,” थोरला म्हणाला. “किती वाटायला हवा?”