वर अजून कोणी?

त्याच्या घरी सहलीला निघायचं म्हणजे आधी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरायचा. बसच्या डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबते हे जसं त्याच्या डोक्यात पक्कं, तसंच मुलीला कधी भूक लागते आणि बायकोला कधी डुलकी येते हेही पक्कं. बायको त्याला वेळापत्रक म्हणूनच हाक मारायची. "अहो वेळापत्रक, दोन घास खाऊन घ्या, सहल काही पळून जात नाही." मुलगी आठ वर्षांची. पुढचे दोन दात मोठे आणि हाताला लागेल ते कुरतडायची सवय, म्हणून तिचं नाव पडलं होतं खारू.

या खेपेला कागदावर दोन रकाने होते, उन्हाळा आणि हिवाळा. जागा दोन्हींत एकच. डोंगरातलं तेच स्कीचं गाव, तेच लाकडी हॉटेल, दुसऱ्या मजल्यावरची तीच कोपऱ्यातली खोली.

"उन्हाळ्यात तिथे काय बघायचं? गवत?" बायकोने विचारलं.

"गवतच बघायचं. बर्फाखाली काय काय आहे ते एकदा पायी फिरून पाहतो. खड्डे, दगड, ओढे. मग हिवाळ्याचं ठरवू."

बायकोने मान डोलावली. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं, पण खारूसमोर ते बोलायचं नाही असं दोघांत न बोलताच ठरून गेलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टीचा शेवटचा दिवस, दुपारचे चार. वरून धुकं उतरलं आणि पाच पावलांवरचा माणूस दिसेना. तो आणि बायको खाली पोचले तेव्हा दोघांनाही वाटत होतं की खारू दुसऱ्याबरोबर आहे. ती कोणाबरोबरच नव्हती. पुढची बेचाळीस मिनिटं त्यांच्या आयुष्यातून कोणी कापून काढली तर ती दोघं त्याचे पाय धरतील. आणि मग उताराच्या टोकाशी, स्कीवर नीट तोल सांभाळत, लाल नाकाची खारू अवतरली. रडलेलीसुद्धा नव्हती.

"एक काका आले ना मागून. ते ओरडत होते, कोणी राहिलंय का, कोणी राहिलंय का. मी म्हटलं, आहे! मग ते पुढे आणि मी मागे." काकांचं जाकीट पिवळं होतं, विटलेलं, कोपरावर ठिगळ. खाली आल्यावर काका कुठे गेले, हे तिने पाहिलं नव्हतं.

हॉटेलच्या बाईंनी उतारावर कामाला असलेल्या सगळ्या माणसांना बोलावून आणलं. सगळ्यांची जाकिटं निळी. धुक्यामुळे वर कोणी गेलंच नव्हतं, शोधायला निघायची तयारी चालली होती तेवढ्यात पोर आली, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

तेव्हापासून सकाळी चहाचा पहिला घोट घेताना तो मनातल्या मनात त्या पिवळ्या जाकिटाला नमस्कार करायचा. देवाधर्माच्या वाटेला फारसा न जाणारा माणूस, पण हा नेम त्याने एक दिवस चुकवला नाही. समोर खारू पाव कुरतडत बसलेली असायची आणि त्याला वाटायचं, हे सगळं आपल्याला कोणीतरी परत दिलंय, आणि आपण त्याला साधं थँक्यूही म्हटलेलं नाही. ते एवढं एक काम त्याला करायचं होतं. बायकोची अट निराळी होती. तो माणूस भेटला, उतार स्वतःच्या डोळ्यांनी पाहून झाला, तरच हिवाळ्यातलं बुकिंग. नाहीतर यापुढे समुद्रकिनारा, आणि तोही गुडघाभर पाण्यापर्यंत.

उन्हाळ्यात ते गाव ओळखू येईना. हिवाळ्यात जिथे पांढऱ्याशिवाय रंग नव्हता तिथे पोटरीपर्यंत गवत आणि त्यात बारीक निळी फुलं. हॉटेलात पाहुणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तळघरात स्की ओळीने टांगलेले, आणि तिथून मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास जिन्यापर्यंत येई. उतारावरून खुर्च्यांचा पाळणा मात्र चालू होता. फिरायला येणाऱ्यांसाठी तो चारपर्यंत चालवत. बहुतेक खुर्च्या रिकाम्याच वर जात आणि रिकाम्याच खाली येत.

पाळण्याच्या खालच्या टोकाला एक म्हातारा बसायचा. सगळे त्याला पाळणेकाका म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता वेळापत्रकाने त्याच्याकडे पिवळ्या जाकिटाची चौकशी केली. म्हाताऱ्याने आधी तेलाची बुधली खाली ठेवली, मग हात पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

"कोपरावर ठिगळ?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"ते ठिगळ माझ्या बायकोने लावलं होतं," पाळणेकाका म्हणाले. "बसा."

मग त्यांनी सांगितलं. पाळणा बंद झाला की एक माणूस सगळ्यांच्या मागून खाली येतो. येताना प्रत्येक वळणावर थांबतो, ओरडून विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. अख्खा उतार झाडून घ्यायचा, म्हणून तिला म्हणतात झाडफेरी. पिवळ्या जाकिटाचा माणूस बावीस वर्षं झाडफेरी करत होता. एका संध्याकाळी तो खाली आला तेव्हा एका कुटुंबाने सांगितलं की आमचा माणूस अजून वरच आहे. तो आल्या पावली परत गेला. त्यांचा माणूस तेव्हा हॉटेलच्या खोलीत गरम पाण्यात पाय सोडून बसला होता.

"आणि हा?"

"हा सापडला बर्फ वितळल्यावर. एकतीस वर्षं झाली."

ऊन लख्ख होतं. गवतात किडे किरकिरत होते. वेळापत्रकाच्या अंगावर काटा आला, पण का कोण जाणे, त्याला भीती वाटली नाही.

"मला त्यांचे आभार मानायचे होते हो," तो म्हणाला. "आता ते कसे मानू?"

"तुमच्या पोरीने मानले की. हाक आली, तिने उत्तर दिलं. त्याला दुसरं काय हवंय?" म्हाताऱ्याने बुधली उचलली. "खाली आल्यावर तो एकच गोष्ट विचारतो. वर अजून कोणी? तेवढं खरं सांगायचं. चुकूनसुद्धा खोटं नाही. ते त्याला एकदा फार महाग पडलंय."

सव्वातीनच्या खुर्चीत बसून तो वर गेला. बायकोला सांगून ठेवलं होतं, पायी उतरत येतो, बरोबर पाचला हॉटेलात. माथ्यावरून त्याने खाली यायला सुरुवात केली. प्रत्येक खड्डा, प्रत्येक दगड कागदावर टिपला. एका बाजूला ओढ्याची खोल घळ होती, माणूसभर. गेल्या हिवाळ्यात ती बर्फाने साय धरल्यासारखी झाकली गेली असणार. खारू तिच्या काठावरून, त्या धुक्यातून, एकटी खाली आली नव्हती हे त्याला तिथे उभं राहून नीट कळलं. तो तिथेच गवतात बसला आणि हमसून हमसून रडला.

उठला तेव्हा कागदावरच्या रेघा दिसत नव्हत्या. धुकं कधी आलं ते त्याला समजलंच नाही. किड्यांचा आवाज थांबला होता. हवेला बर्फाचा वास होता, भर उन्हाळ्यात, कोरा आणि बोचरा. फोनला रेंज नव्हती. घळ डाव्या हाताला होती की उजव्या, हे त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदाच वेळापत्रकाला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठाऊक नव्हतं.

आणि वरून हाक आली.

"कोणी राहिलंय का...?"

घाई नसलेला, कामाची सवय झालेला आवाज. हाकेनंतर शांतता. कोणीतरी थांबून वाट पाहत होतं.

"आहे..." त्याचा आवाज फुटेना. त्याने पुन्हा जोर लावला. "आहे! मी आहे!"

बाजूने कोणीतरी पुढे गेलं. धुक्यात एक पिवळट पाठ दिसली, कोपराशी गडद चौकोन. गवत त्याच्या पायाखाली वाकत नव्हतं, पण पावलागणिक करकर आवाज येत होता, कोवळ्या बर्फावरून चालताना येतो तसा. तो त्या पाठीमागून चालू लागला. पाठ थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. भीती होती, नाही असं नाही, पण तिच्या वरताण दुसरंच काही होतं. आपली पोर याच पाठीकडे बघत बघत जिवंत घरी आली.

खाली पाळण्याचे खांब दिसू लागले. पाठ थांबली. वळली नाही.

"वर अजून कोणी?"

"नाही," वेळापत्रक म्हणाला. "मी शेवटचा." मग धीर करून म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या मुलीला आणलंत. तुमचे उपकार... मी कसे..."

एक हात किंचित वर झाला, असू दे असं म्हणावं तसा. मग पिवळा रंग धुक्यात विरला. वेळापत्रकाने तिथेच हात जोडले. छातीवरचा सहा महिन्यांचा दगड उतरला होता. सव्वापाच वाजले होते, आणि उशीर झाल्याचं त्याला जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

हॉटेलच्या बाई दारातच उभ्या होत्या.

"अहो, तुम्ही इथे? त्या दोघी तर तुम्हाला शोधायला गेल्या! ओढ्याकडच्या वाटेने वर. मी नको म्हणत होते."

"कधी?"

"पाचला. तुम्ही पाच म्हणाला होतात ना."

वर अजून कोणी, असं त्याला विचारलं होतं. आणि तो, ज्याच्या डोक्यात सगळ्यांचा ठावठिकाणा पक्का असतो, तो छातीठोकपणे म्हणाला होता, नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने दोघींना वर टाकून झाडफेरी संपवली होती.

तो धावत सुटला. पाळण्याची टपरी बंद होती. उताराच्या पायथ्याशी उभा राहून त्याने बायकोच्या नावाने हाका मारल्या, खारूच्या नावाने मारल्या. धुकं सगळं गिळत होतं. घळीच्या काठावर त्याने स्वतः कागदावर मारलेली फुली डोळ्यांपुढून हलेना. "मी चुकीचं सांगितलं!" तो ओरडला. "दोघी आहेत! वर दोघी आहेत हो!"

उत्तर आलं नाही. पण थोड्या वेळाने धुक्यातून खारूची टोपी दिसली, मग खारू, मग तिचा हात घट्ट धरलेली बायको. त्याने दोघींना एकदम कवेत घेतलं. बायकोचे केस भिजले होते आणि ती थरथरत होती, पण हसतही होती.

"अहो, आम्ही चुकलोच होतो. काही दिसेना. मग मागून हाक आली..."

"आणि मी म्हटलं, आहे! आम्ही आहोत!" खारू म्हणाली. "तेच काका, बाबा. तेच!"

म्हणजे 'नाही' हे ऐकूनही तो पुन्हा वर गेला होता. सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबला नव्हता. वेळापत्रकाने बायकोचा हात हातात घेतला आणि दाबला, तिनेही दाबला. एका घरावर एका माणसाने किती उपकार करावेत, त्याला काही सुमार?

"ह्या हिवाळ्यात यायचं," बायकोच म्हणाली. "मी स्वतः येऊन त्यांचे आभार मानणार. आज राहूनच गेलं. ते फार घाईत होते."

"घाईत?"

"त्यांनी विचारलं ना, वर अजून कोणी आहे का. मी म्हटलं, आमचे हे आहेत. अजून आले नाहीत. तर म्हणाले, घेऊन येतो. आणि लगेच परत वर गेले."

वेळापत्रकाने वर पाहिलं. म्हाताऱ्याने दुपारी सांगितलेलं सगळं त्याला एका क्षणात आठवलं. "अगं, मी तर इथे आहे," तो कसाबसा म्हणाला. मग मोकळा हात तोंडाशी धरून ओरडला, "मी खाली आहे! ऐकताय का? मी खाली आलो! परत या... वर कोणी नाही!"

तिघं कान देऊन उभी राहिली. खूप वर, घळीच्या अंगाला कुठेतरी, नेहमीच्या शांत आवाजात हाक आली.

"कोणी राहिलंय का...?"

आणि कोणीतरी उत्तर दिलं.

"आहे..." पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मग जोर लावून, "आहे! मी आहे!"

आवाज वेळापत्रकाचा होता. कापरा, रडून बसलेला, पण त्याचाच. खारूने आईकडे पाहिलं. वरून करकर पावलं वाजू लागली, आधी एकाची, मग त्यामागून दुसऱ्याची, सावकाश खाली येणारी.

"अगं, मी इथे आहे ना," तो म्हणाला. "हा काय मी."

बायकोने खारूला जवळ ओढलं, आणि दुसरा हात त्याच्या हातातून हळूच काढून घेतला.