पहिल्या प्रतीवरची सही

काकांचा नाद जगावेगळा. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात; हे जमवायचे जुन्या शोधपत्रकारांची सही असलेली पुस्तकं. वेश पालटून तुरुंगांत, कारखान्यांत शिरायचं आणि आतलं खरं छापायचं, अशी जिवावर उदार झालेली ती माणसं. काकू करवादायच्या, "मेलेल्यांना कपाट, आणि माझ्या कपड्यांना दोरी!"

एकदा दुपारी एका म्हाताऱ्या बाईंनी काकांना सही तपासायला बोलावलं. बाईंच्या वडिलांनी खाणीत मजूर बनून राहून तिथल्या मरणांवर पुस्तक लिहिलं होतं. छापखान्यातून पहिली प्रत लेकीला पाठवली, सही घरी येऊन करतो असा निरोप धाडला, आणि माणूस गेला तो गेलाच. खाणमालकांना विकला गेला, बायकापोरांना टाकून पळाला, असा बोभाटा झाला.

"आयुष्यभर हेच ऐकतेय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पान कोरंच होतं हो. आज सकाळी धूळ पुसायला पुस्तक काढलं, तर… तुम्हीच बघा."

काकांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली. त्याच लेखकाचं आधीचं पुस्तक, सही असलेलं. दोन्ही सह्या शेजारी धरल्या. तेच अक्षर. सहीखालच्या रेघेच्या टोकाला टाक इतका दाबलेला, की कागद फाटलेला. ही खोड काकांशिवाय कुणाला ठाऊक असणार?

मग त्यांनी नेहमीसारखा ओला कापूस सहीच्या कडेला टेकवला. जुनी शाई कापसाला लागत नाही. कापूस निळाशार झाला.

काकांनी तो कापूस उजेडात धरला. "घरात कोण येतं-जातं?"

"कुणी नाही. मी एकटीच." बाई जवळ सरकल्या. "खोटी असली तरी सांगा. पण… ते आले असतील का हो?"

खोलीत ओल्या मातीचा वास दाटत चालला होता. खोल खाणीत कोंडलेल्या मातीचा. काकांच्या मानेवर गार वारा लागला. खिडकी तर समोर होती, आणि बंद होती. पळून जावंसं वाटलं त्यांना. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघून पाय निघेना. फार कीव आली.

"सही त्यांचीच आहे," ते म्हणाले. "तुम्हाला टाकून गेले नव्हते ते."

बाईंनी तोंडावर हात घेतला. आणि काकांच्या मागे कुणीतरी सुस्कारा सोडला… बराच वेळ श्वास रोखून धरल्यासारखा. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पुस्तक बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि जिना उतरले.

घरी सदरा काढताच काकू तडकल्या. "शाईच्या हातानं पाठ खाजवायची सवय कधी जाणार तुमची?"

"कुठं?"

काकूंनी सदरा पसरून दाखवला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, शाबासकी द्यावी तसा, पंजाचा ठसा उमटला होता. काकांनी त्यावर आपला हात ठेवून पाहिला. ठशाची बोटं त्यांच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती, आणि शाई अजून ओली होती.