फुली मारलेली सायकल

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये माउंटन बाइक घेऊन मुद्दाम सपाट रस्ते शोधत हिंडणारी बासष्ट वर्षांची बाई एकच होती, विद्या खांडकर. सायकल मुलाची. नचिकेत नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा ती जाड चाकांची, एकवीस गिअरांची सायकल जिन्याखाली ठेवून गेला आणि आईनं निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात ती बाहेर काढली. तिला घंटीसुद्धा नव्हती. कुणी आडवं आलंच तर विद्याबाईंचा आवाज पुरत असे. डोंगर चढायची हौस त्यांना नव्हती. डावा गुडघा अकरा वर्षं कुरकुरत होता. पण बेतवेच्या काठानं, वाटाण्याच्या शेतांमधून, रमतगमत जायला गुडघा काही म्हणत नसे, आणि म्हणालाच तर त्या ऐकत नसत.

असे सहा रस्ते त्यांनी वहीत काढून ठेवले होते, आपल्यासारख्याच निवृत्त मंडळींसाठी. कुठे सावली आहे, कुठे चहा मिळतो, कुठली कुत्री नुसतीच भुंकतात, सगळं नीट लिहिलेलं. सातवा रस्ता परीछ्याच्या बांधापासून, म्हणजे धरणापासून, निघणाऱ्या नहरेच्या पटरीचा, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेचा. बारा किलोमीटर, एकही चढ नाही, दर किलोमीटरला एक दगड.

या सातव्या रस्त्यावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य अडकलं होतं. नोव्हेंबरात त्या घराच्या गेटापाशीच सायकलवरून पडल्या आणि नचिकेतला निमित्त मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन, झाशीच्या घराला कुलूप आणि पुण्याला तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, असा त्याचा बेत ठरलेला होता.

"आई, यार, तू समझत नाहीस," तो फोनवर म्हणाला. "तिथे पडलीस तर कौन उठाएगा?"

"मी उठेन. गेटापाशी कोण उठलं होतं?"

वाद विकोपाला गेला आणि शेवटी पैज लागली. फेब्रुवारीच्या अखेरीला तो येईल, सातवा रस्ता आईबरोबर करील. गुडघा न धरता आई जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर आली, तर पुण्याचं नाव पुन्हा निघायचं नाही. नाही आली, तर सामान बांधायचं.

म्हणून जानेवारीच्या मध्यापासून दर गुरुवारी विद्याबाई सायकल टेम्पोत टाकून परीछ्याला जाऊ लागल्या. बांधापाशी मुकेशची चहाची टपरी होती. तिथे एक कप घ्यायचा, कानाला मफलर बांधायचा आणि पटरीला लागायचं.

पहिल्याच गुरुवारी नवव्या दगडाला टेकलेली एक काळी सायकल दिसली. जुनी, उंच, गंजलेली. आजूबाजूला माणूस नव्हता, शेतातही नव्हता. विद्याबाई उतरल्या, कारण बिघडलेली चाकं बघून पुढे जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वडिलांच्या जागी रेल्वेच्या कारखान्यात लागल्या तेव्हापासून चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीचे डबे तपासले होते. दोष सापडला की खडूनं फुली मारायची आणि खाली यादी लिहायची. मग तो डबा सिक लाइनवर, म्हणजे आजारी डब्यांच्या रुळावर. दुरुस्त झालेल्या दोषावर फिटर तिरकी रेघ ओढणार. आणि ज्यानं फुली मारली त्यानंच शेवटी ती पुसायची, तोवर डबा हलायचा नाही. भलेभले साहेब घाई करत समोर उभे राहिले, तरी विद्याबाईंनी एक दोष शिल्लक असताना फुली पुसली नव्हती.

खडू अजूनही त्यांच्या पर्समध्ये असे. हात सवयीनं चालला. सायकलच्या दांड्यावर फुली, आणि मडगार्डवर यादी: एक, मागचं चाक वाकडं. दोन, साखळी तुटकी. तीन, ब्रेक नाही. मग स्वतःशीच हसत त्यांनी गमतीनं चौथा दोष लिहिला: चालक नाही.

पुढच्या गुरुवारी ती सायकल सातव्या दगडाला होती.

मागचं चाक सरळ झालेलं. त्यांनी पेडल उचलून फिरवलं, साखळी नवी असल्यामुळे चाक बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं. यादीतल्या पहिल्या दोन ओळींवर तिरकी रेघ होती. तेलाचा ताजा वास येत होता. पटरीवरच्या मऊ धुळीत त्यांच्या स्वतःच्या जाड टायरांची नक्षी उठली होती. दुसऱ्या चाकाची खूण कुठेच नव्हती.

परतताना त्यांनी मुकेशला दरडावलं, "सायकल तूने ठीक की?"

मुकेशनं चहा गाळता गाळता मान हलवली. "हम काए खों हाथ लगाएँ, अम्मा जी? बा तो काऊ की नइयाँ." कुणाचीच नाही. मग भांडं खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "आपने ऊपे निशान लगा दओ. अब तो आपई की आय." आता ती तुमचीच.

"तो क्या करूँ?"

"पोंछ दो."

विद्याबाईंना राग आला. काम अर्धवट असताना फुली पुसायला सांगणारी माणसं त्यांनी चौतीस वर्षं पाहिली होती. "काम पूरा हुए बिना नहीं पोंछूँगी," त्या म्हणाल्या आणि टेम्पोकडे निघाल्या. वळून पाहिलं तेव्हा मुकेश त्यांचा कप न विसळता फेकून देत होता.

तिसऱ्या गुरुवारी पाचवा दगड. ब्रेक बसलेला, तिसऱ्या ओळीवर रेघ. सायकलचं तोंड बांधाकडे होतं, म्हणजे झाशीकडे. यादीत आता एकच दोष उरला होता.

विद्याबाईंनी सीट पाहिली. पहिल्या दिवशी ती त्यांच्या छातीशी येत होती. आता कुणीतरी ती खाली घेतली होती. त्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. सीट बरोबर त्यांच्या कमरेला लागत होती, बोटभरही वर नाही, खाली नाही. सकाळची थंडी होती, पटरीवर बाभळीची सावली होती, आणि सीट कोमट होती.

त्या घाबरल्या. खरोखरच घाबरल्या. आणि घाबरल्याचाच त्यांना इतका संताप आला की त्यांनी खडू काढला.

"मला काय समजलास?" त्या रिकाम्या शेतांना मराठीतच म्हणाल्या. "तू रेघा ओढत बस. मी दोष काढीन. शंभर काढीन."

पाच, घंटी नाही. सहा, हँडल ढिलं. सात, डावं पेडल झिजलेलं.

चौथ्या गुरुवारी सायकल तिसऱ्या दगडाला होती. पाच, सहा, सात, तिन्हींवर रेघ. हँडलवर पितळी घंटी लखलखत होती. विद्याबाईंनी आठपासून बारापर्यंत लिहिलं. पाचव्या गुरुवारी दुसऱ्या दगडापाशी त्यांनी तेरापासून वीसपर्यंत लिहिलं, अक्षर बारीक करत, मडगार्डवर जागा पुरेना म्हणून नळीवर. सहाव्या गुरुवारी पहिल्याच दगडाला, टपरीवरून दिसेल अशी, सायकल उभी होती. नवी कोरी. वीसच्या वीस ओळींमध्ये फक्त चौथीवर रेघ नव्हती. विद्याबाई चष्मा लावून अर्धा तास तिच्याभोवती फिरल्या. एकही नवा दोष सापडला नाही.

"फिट असल्याचा शेरा देणार नाही," त्या म्हणाल्या. "चौथा बाकी आहे. तो बाकीच राहील."

त्या शनिवारी नचिकेत आला. रविवारी सकाळी दोघं परीछ्याला गेले, त्यानं भाड्यानं आणलेली सायकल घेतली. पहिल्या दगडाला काही नव्हतं. दुसऱ्याला, तिसऱ्याला, नवव्याला काही नव्हतं. विद्याबाईंचं मन हलकं झालं. मोहरी फुलली होती, नहरेला पाणी सुटलं होतं, आणि त्या मुलाला एकेक बाभूळ आपल्या मालकीची असल्यासारखी दाखवत होत्या. बाराव्या दगडाला पोचल्या, वळल्या, परत आल्या. शेवटचे चार किलोमीटर नचिकेत मागे पडला होता.

"आई," टपरीशी तो धापा टाकत म्हणाला, "मान गए. तू लंगडत पण नाहीयेस."

खरंच की, त्यांना वाटलं. मुकेशनं नचिकेतला चहा दिला. विद्याबाईंपुढे कप ठेवला नाही, आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर नचिकेतनं कबूल केल्याप्रमाणे पुण्याचं नाव काढलं नाही. दुपारी वरणभात जेवून तो पलंगावर आडवा झाला आणि घोरू लागला. विद्याबाई जिंकल्या होत्या. रोजच्यासारखी गुडघ्याला तेल लावायला त्या खुर्चीत बसल्या आणि सलवार वर सरकवली.

डाव्या गुडघ्यावर खडूची एक तिरकी रेघ होती, दुरुस्त झालेल्या दोषावर ओढतात तशी.

त्यांनी ती तेलानं पुसली. साबणानं धुतली. टॉवेलानं खसखसून घासली. रेघ होती तिथेच राहिली.

जिन्याखाली घंटी वाजली, एकदाच, हलक्या हातानं.

विद्याबाईंच्या सायकलला घंटी नव्हती; ती होती चौथा दोष बाकी असलेल्या त्या सायकलला. त्यांनी पर्समधून खडू काढला. ज्यानं फुली मारली त्यानंच ती पुसायची. तोवर डबा हलायचा नाही. त्यांनी उजव्या गुडघ्यावर ठळक फुली मारली, स्वतःच्या हातानं.

"आता ने बघू," त्या म्हणाल्या.

मग यादी लिहायची म्हणून खडू टेकवला. एक. गुडघा दुखत नव्हता. कंबर वाकवून पाहिली, दुखली नाही. सकाळी जिना चढताना धाप लागली नव्हती. जिभेनं दाढ चाचपली, ठणका नव्हता. त्या खडू तसाच धरून स्वतःत एखादा तरी दोष शोधत राहिल्या आणि नजर समोरच्या भिंतीवर गेली. कॅलेंडरावरची तारखेखालची बारीक तिथी त्यांनी सहज वाचली.

चष्मा टेबलावर घडी करून ठेवलेला होता.