दंडातला हट्टी धागा

तेजलनं दंडाची लोंबती कातडी काढून घेतली ती काही मिरवायला नव्हे. वजन उतरलं, पण कातडी रिकाम्या पिशवीसारखी मागं राहिली. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर धरून घड विरळायचे, तर घामानं दंड काखेपर्यंत सोलून निघायचे.

डॉक्टर शेखबाईंनी सगळं आधीच सांगितलं होतं. "काखेपासून कोपरापर्यंत आतून चीर येईल. व्रण फिका पडेल, पण जाणार नाही. सूज येईल, मुंग्या येतील, घट्ट बाह्या घालाव्या लागतील. आणि हे टाके जिवंत आहेत बरं का, तुमच्याच पेशींतून वाढवलेला धागा. हात जेवढा हलेल तेवढी कातडी तो सैल ठेवतो, बाकीची आवळतो. म्हणून पहिला आठवडा आराम, मग रोज सांगू तेवढा हात वर न्यायचा."

सासूबाईंनी, म्हणजे रंजनाबाईंनी, यातलं 'आराम' तेवढं उचललं.

"पोट काय न् दंड काय, कापलं की बाळंतपणच! सव्वा महिना हात हलवायचा नाही."

जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांनी तेजलचे हात छातीशी बांधले. डिंकाचे लाडू भरवले, वेणी घातली. जाऊ तर म्हणाली, "असली सासू मिळणार असेल तर मी मानसुद्धा कापून घेईन!" तेजल हसली. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी बसू दिलं होतं. डॉक्टरांचे फोन आले की ती "हो, नेते हात वर" म्हणायची.

सव्वा महिन्यानं दंड शेवग्याच्या शेंगेसारखे सडपातळ झाले. तेजल मांडवाखाली गेली, हात उचलला, तो खांद्याशीच अडला. आतून कुणी मनगट धरावं तसा.

तिथूनच लावलेल्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी तो अडलेला हात निरखला. "धाग्याला वाटलं, हा हात एवढाच जगतो."

"काढून टाका मग."

"आता तो कातडीत मुरलाय, ताई. रोज थोडा ताण द्या, मी सांगते तेवढाच. कदाचित मानेल. बिथरला तर आणखी आवळेल."

वर घड दाटत चालले होते. आज विरळले नाहीत तर मणी एकमेकांना चिरडणार, वर्षाचं पीक जाणार. शेजारी उभ्या रंजनाबाईंनी सुनेच्या कोपराखाली तळवा लावला आणि हळूच वर रेटला.

दंडात काहीतरी सरसरलं.

"सैल झाला का गं?"

"कळत नाही, आत्या. पण हलला तो."

रंजनाबाईंनी तळवा तिथंच धरून ठेवला. "मग, रेटू का थांबू?"