चूलबंद आवतन

पटवून द्यायला मी बसलेलो नाही. माझा चुलतभाऊ बिरू जळोचीत राहतो. त्याच्याकडे जा, त्यालाच विचारा. हा माणूस थापा मारणाऱ्यातला नाही.

साल १९९९. दिवाळी नुकतीच झालेली. बारामतीतला एक कॉम्प्युटर क्लास, रविवारची तिन्हीसांज.

बिरूची धाकटी बहीण दिपाली पोलिओनं अधू. पायांत जीव नाही. बिरू तिला सायकलवरून क्लासला आणायचा, पाठीवर घेऊन जिना चढायचा. एवढा आटापिटा कशासाठी? तर तिथं दिपाली चालायची.

हो, चालायची!

क्लासवाल्या मानसिंगनं पुण्याहून एक प्रोग्राम आणला होता. पाच कॉम्प्युटर तारेनं जोडलेले. पडद्यावर प्रत्येकाची एक बाहुली, आणि सगळ्यांनी मिळून एकच गाव बांधायचं. एकानं विहीर बांधली की ती बाकीच्यांनाही दिसायची. बोलायचं ते टाइप करून. दिपालीची बाहुली तिथं धावायची, देवळाच्या पायऱ्या चढायची. परत जाताना पोरगी सायकलवर गाणी म्हणायची. तेवढ्यावरच ती जगत होती हो.

पडद्यावर बांधायचं ते गाव होतं मानसिंगच्या आईचं, गोजरबाईचं. भिगवणकडचं, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. म्हातारीचे डोळे गेलेले, पण गाव तोंडपाठ. ती खुर्चीत बसून सांगायची, पोरं बांधायची.

नदीकडची एक जागा मात्र ती मोकळी ठेवायला लावायची.

"तितं कुणाचं घर हुतं, मावशी?" दिपालीनं एकदा विचारलं.

"जयवंताबाईचं. ऱ्हाऊ दे ते."

"का पण?"

"तिला चालता येत नव्हतं, पोरी. पाणी चढाय लागलं तवा ज्यानं त्यानं आपापली गाडी भरली. जो तो म्हणला, दुसऱ्यानं तिला गाडीत घेतली असंल. ती घरातच ऱ्हायली."

दिपालीचा चेहरा उतरला.

त्या रविवारी गाव पूर्ण झालं. पोरांनी ठरवलं, देवळापुढं पंगत बसवायची. पडद्यावरच. आवतन द्यायचं काम दिपालीनं घेतलं, आणि तेही चूलबंद. म्हणजे त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं.

तिची बाहुली दारोदार फिरली. बिरू मागं उभा राहून बघत होता. शेवटी बाहुली नदीकडं वळली.

तिथं घर होतं...

दिपालीनं ते गुपचूप बांधलं होतं. आंधळ्या म्हातारीला काय कळणार? दारात उभं राहून तिनं टाइप केलं, 'जयवंताबाई, चूलबंद आवतन हाय.'

"दिपे, रिकाम्या घराला कशापायी?" बिरू कुजबुजला.

"एक घर गाळून आवतन देत न्हाईत, दादा."

चार बाहुल्या पंगतीला बसल्या.

"करा सुरू," मानसिंग म्हणाला.

"थांबा," दिपाली म्हणाली. "एक माणूस यायचंय. आवतन दिलंय, घेऊन यायला पायजे."

बाहुली त्या घरात शिरली.

पडद्यावर अंधार...

पंखा गरगरत होता, तेवढाच आवाज.

मग बाहुली बाहेर आली. वाकून चालत होती.

तिच्या पाठीवर कुणीतरी बसलं होतं.

"ही सहावी कुणाची?" सुप्रिया नावाची पोरगी किंचाळली. "मशिनी तर पाचच हायेत!"

सगळ्यांनी की-बोर्डवरचे हात उचलले. तरीही...

पाचही पडद्यांवर एकेक अक्षर उमटू लागलं. सुप्रियानं मोठ्यानं वाचलं, "लई उशीर केलासा."

गोजरबाई ताडकन उठली. "कुणाचं घर बांधलंसा गं? कुणाला आणलंसा?"

मानसिंगची पाचावर धारण बसली. त्यानं भराभर सगळं गाव पुसायला घेतलं.

"अरं थांब!" म्हातारी ओरडली. "आदी तिला माघारी घरी पोचवा! पंगतीला आणलेलं माणूस असं सोडत्यात व्हय?"

पण गाव गेलं होतं. पडदा कोरा.

बिरूनं दिपालीला पाठीवर घेतलं आणि त्याचे गुडघेच वाकले.

वजन दोघींचं होतं!

जिन्यावर त्याचा शर्ट मागून कमरेपर्यंत भिजला. गाळाचा वास यायला लागला. आणि कानाशी दिपालीचा आवाज...

"दादा, हळू चाल. तिला कवाच कुणी उचललं न्हवतं."

दिपाली परत क्लासला गेली नाही. गाणी तर सोडाच, हसायचीही थांबली. जेवताना शेजारी आणखी एक ताट मागते. तिची आई, आमची सारजाकाकू, एकदा वैतागून म्हणाली, "न्हाय वाढणार जा!" त्या दिवसापासून दिपालीच्या घशाखाली घास उतरेना. पोरगी अंथरुणाला लागली. शेवटी काकूनंच रडत रडत दुसरं ताट मांडलं. त्या ताटातली भाकरी कुणी खात नाही. पण ताट उचलताना ती ओली असते...

बिरूनं उजनीच्या काठाला जाऊन हात जोडले, नारळ फोडला. पाठीवरचं वजन काही उतरलं नाही.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. बिरू ओसरीत बसला होता, खांदे पार खचलेले. म्हणाला, "जायची तिची बी तयारी हाय रे. दिपी सांगती. पण एक गाव पाण्यात गेलं, दुसरं मानसिंगनं पुसलं. परत बांधावं तर सांगणारी म्हातारी बी ऱ्हायली न्हाई. तिला पोचवायचं तरी कुठं?"

आतून सारजाकाकूनं जेवायला हाक मारली. मी पायांत चपला घातल्या आणि न जेवताच निघालो.